एक रुग्ण, दोन डायलिसिस, चार भरत्या: रावेर पट्ट्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ५४ वर्षांचे, रावेर तालुक्यातले केळी बागायतदार. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, इथंही तेच नाव ठेवलं आहे. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. मधुमेह १६ वर्षांचा, रक्तदाब १० वर्षांचा, दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर लेझर झालेलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम किती घटलं ते सांगणारा रक्तातला आकडा, ४ च्या पुढे गेल्यावर हातावर फिस्टुला (मशीनवरच्या डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) करून ठेवा, असं त्यांना दोनदा सांगितलं होतं. पण लघवी होत होती, शेतात फेरी मारता येत होती, म्हणून ते लांबत गेलं. डिसेंबरात उलट्या आणि न थांबणारी उचकी सुरू झाली, क्रिएटिनिन ११ निघालं आणि जळगावला मानेत तात्पुरती नळी टाकून त्याच रात्री डायलिसिस सुरू करावं लागलं.

घरात पत्नी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. डायलिसिसचं केंद्र गावापासून ७० किलोमीटरवर. मशीनचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून सुटायचा, गाडीभाडं मात्र खिशातून. त्यामुळे आठवड्याला तीनऐवजी दोनच पाळ्या ठरल्या, सोमवार आणि गुरुवार, चार-चार तास. दिवसाला ७०० मिली लघवी शिल्लक होती, म्हणून सुरुवातीला दोन पाळ्यांवर भागेल हा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. कोरडं वजन, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन, ५८ किलो धरलं. इको तपासणीत हृदयाची पंपिंग क्षमता ४० टक्केच आली, आणि पुढचे बरेच निर्णय या एका आकड्याभोवती फिरले.

अडचण: सात महिन्यांत तीन भरत्या

पहिली भरती फेब्रुवारीत, नळीच्या जंतुसंसर्गामुळे. मानेतली तात्पुरती नळी दोन आठवड्यांच्या आत काढायची असते, ती नऊ आठवडे राहिली. 'पुढच्या पाळीला बघू' असं प्रत्येक पाळीला होत गेलं. त्यात नानांना मानेभोवती गमछा गुंडाळायची सवय. घामानं ओला झालेला गमछा ड्रेसिंगवर घासला जायचा आणि पट्टी एका कडेनं सुटलेली असायची. ताप घरी येत नव्हता. मशीन सुरू झाल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी भरायची आणि संध्याकाळी उतरायची. गावात मलेरियाच्या गोळ्या झाल्या, मग टायफॉइडची सुई झाली. खरं तर मशीनवर असतानाच थंडी वाजणं ही नळीतल्या जंतूंची जवळजवळ सही असते, कारण रक्ताचा प्रवाह सुरू झाला की नळीच्या आतल्या थरातले जंतू थेट शरीरात जातात. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू आला. नळी काढली, हृदयाच्या झडपांवर जंतू बसलेत का हे इकोनं पाहिलं, ताप उतरल्यावर दुसऱ्या बाजूला पर्मकॅथ (त्वचेखालून नेलेली, जास्त काळ चालणारी नळी) टाकला आणि अँटिबायोटिक चार आठवडे चाललं. नऊ दिवस रुग्णालयात गेले.

दुसरी भरती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. सण सोमवारी आला. लेकी माहेरी आलेल्या, घरात आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या, बाहेर ४४ अंश. सोमवारची पाळी बुधवारवर ढकलली. केंद्रानंही फार ताणलं नाही, कारण त्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. गुरुवारपासून मंगळवार रात्रीपर्यंत पाणी साठत गेलं. "आडवं पडलं की दम लागी ऱ्हायना," म्हणजे दम लागतोय, असं नाना संध्याकाळपासून म्हणत होते. घरच्यांना तो उन्हाचा त्रास वाटला आणि त्यांनी वरून लिंबूसरबत दिलं. मध्यरात्री फेस येऊन धाप लागली तेव्हा वजन ६३.६ किलो होतं, कोरड्या वजनापेक्षा ५.६ किलो जास्त.

या आकड्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. हृदयाला धक्का न देता मशीननं तासाला, दर किलो वजनामागे, साधारण १३ मिलीपर्यंत पाणी काढावं असं धरतात. ५८ किलोच्या माणसाला चार तासांत ते ३ लिटर होतं. म्हणजे ५.६ किलो एका पाळीत काढणं शक्यच नव्हतं. लागोपाठ दोन दिवस मशीन लावावं लागलं आणि पहिल्याच पाळीत अडीच तासांनी रक्तदाब ८० वर आला. चार दिवस भरती.

लांब खंडाचा धोका फक्त सणापुरता नाही. अमेरिकेतल्या ३२,००० हून जास्त रुग्णांच्या नोंदींवरून २०११ मध्ये दिसलं की आठवड्याला तीन पाळ्या घेणाऱ्यांमध्येही दोन दिवसांच्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि भरती दोन्ही वाढतात. आपल्याकडे दोन पाळ्यांवरच्या माणसाला दर आठवड्याला तीन आणि चार दिवसांचं अंतर पडतं. त्यात एक पाळी चुकली की काय होतं ते इथं दिसलं.

तिसरी भरती जूनअखेर, पोटॅशियम वाढल्यामुळे. पाय उचलेनात म्हणून आणलं. ईसीजीत टोकदार टी-लहरी, पोटॅशियम ७.४. कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिनसोबत ग्लुकोज आणि साल्ब्युटामॉलचा नेब्युलायझर देऊन तातडीनं मशीन लावलं. रावेरचा माणूस म्हटल्यावर वॉर्डातल्या प्रत्येकानं पहिला प्रश्न केळीचा विचारला. नानांनी डिसेंबरपासून केळ्याला हात लावला नव्हता, आणि ते खोटं बोलत नव्हते. आहारतज्ज्ञांनी सुनेला स्वयंपाकघरातली प्रत्येक पुडी फोनवर वाचायला लावली तेव्हा उलगडा झाला. आखाजीच्या भरतीनंतर 'मीठ कमी करा' असं सांगितलं होतं, म्हणून मुलानं 'लो सोडियम' मीठ आणलं होतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, बहुतेक पुड्यांमध्ये १५ ते ३० टक्के. रोज ६ ग्रॅम मीठ पोटात गेलं तर त्यातून ५०० ते ९०० मिलिग्रॅम पोटॅशियम जातं, म्हणजे एक ते दोन केळ्यांइतकं. सोबत रोजचं एक नारळपाणी आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, तीही दोन्ही पोटॅशियम वाढवणारी. तीन दिवस भरती.

मीठ कमी करायचा सल्ला बरोबरच होता. ८-९ ग्रॅम मीठ अंगात राहिलं की त्यासोबत लिटरभर पाणी राहतं, आणि तहान मारून पाणी कमी करणं जूनमध्ये खानदेशात कुणालाच जमत नाही. तहान कमी करायची तर शेव, पापड, लोणचं कमी करावं लागतं. पण 'मीठ बदलू नका, कमी करा' हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

पर्याय

जुलैत नेफ्रॉलॉजिस्ट (मूत्रपिंडतज्ज्ञ), मुलगा, सून आणि नाना एकत्र बसले. डाव्या मनगटावरचा मार्चमधला फिस्टुला मेमध्येच गुठळी होऊन बंद पडला होता. फेब्रुवारीच्या आणि आखाजीच्या भरतीत सलाइनची सुई त्याच हाताला टोचली गेली, हे त्याचं सगळ्यात संभाव्य कारण. दंडावर फिस्टुला करता आला असता, पण दंडाच्या फिस्टुलातून रक्ताचा ओघ जास्त असतो आणि ४० टक्के क्षमतेच्या हृदयावर तो भार कितपत टाकावा, याबद्दल हृदयतज्ज्ञ साशंक होते. पर्मकॅथवरच चालू ठेवलं तर फेब्रुवारी पुन्हा येण्याची भीती.

त्याच केंद्रात तीन पाळ्या घेणं हा सरळ उपाय होता. पाणी आणि पोटॅशियम दोन्ही धोके त्यानं कमी झाले असते. भाड्याची गाडी एका फेरीला १,८०० रुपये, महिन्याला १३ फेऱ्या, म्हणजे २३,४०० रुपये. शिवाय रिकामी पाळी फक्त रात्रीची, आणि सोबत जायचं ते मुलानं, ऐन केळी कापणीच्या दिवसांत. तालुक्याजवळच्या छोट्या केंद्रात खुर्चीसाठी रांग होती.

प्रत्यारोपणाचा विचार झाला. पत्नीला स्वतःला मधुमेह, धाकट्या भावाचा रक्तगट जुळत नाही. मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव लावायचं ठरलं, पण त्यावर पुढच्या वर्षाचं नियोजन करता येत नाही.

राहिलं पोटाचं डायलिसिस, म्हणजे नळीतून पोटाच्या पोकळीत साखर असलेलं द्रावण भरायचं आणि काही तासांनी ते जास्तीच्या पाण्यासकट बाहेर काढायचं. रात्री मशीननं करायचा प्रकार वीज जाण्याच्या भीतीनं लगेच बाद झाला. हातानं बॅग बदलायची पद्धत, म्हणजे सीएपीडी, नानांच्या हृदयाला मानवणारी होती, कारण पाणी दिवसभर सावकाश निघतं आणि रक्तदाब कोसळत नाही. लघवी शिल्लक होती म्हणून चारऐवजी तीन बॅगांवर सुरुवात करता येत होती. बॅगा, टोप्या, औषधं मिळून महिन्याला २२ ते २४ हजार, तेही पूर्ण खिशातून. तीन पाळ्यांच्या गाडीभाड्याशी तोलून पाहिल्यावर मात्र आकडा तसाच निघाला. हा हिशेब कागदावर मांडला नसता तर 'पोटाचं महाग' या एका वाक्यावर तो पर्याय तिथंच संपला असता, आणि बऱ्याच घरांत तो तसाच संपतो.

मुलानं विचारलं, "डॉक्टर, यानं भरती व्हायचं थांबेल ना?" उत्तर असं मिळालं: "थांबेल असं नाही म्हणणार, दादा. कारण बदलेल. आता नळी, पाणी आणि पोटॅशियम आहे. पुढे पोटातला संसर्ग असेल. तो घरात अडवता येतो, पण घरानंच अडवावा लागतो."

काय केलं

जुलैअखेर पोटात नळी बसवली. जखम भरून नळीभोवती पकड येईपर्यंत दोन आठवडे तीत पाणी भरायचं नाही, नाहीतर कडेनं गळतं. तोवर पर्मकॅथवर मशीन चालू ठेवलं आणि बॅगा सुरळीत झाल्यावर तो काढून टाकला.

सुनेचं प्रशिक्षण दहा दिवस चाललं. नानांना हालचाल जमत होती, पण टोपी आणि जोडणीचं टोक नीट दिसत नव्हतं. म्हणून मुख्य जबाबदारी तिची. बांगड्या वर सारून, नखं कापून साबणानं मिनिटभर हात धुणं, ते पूर्ण कोरडे करणं, मास्क, आणि जोडणी उघडी असताना एक शब्दही न बोलणं. आधी नव्या बॅगेतलं थोडं पाणी थेट निचऱ्याच्या बॅगेत सोडून नळी धुवायची, पोटातलं जुनं पाणी काढायचं, मगच नवं भरायचं. शेवटी नळीच्या टोकाला आयोडीनची नवी टोपी, म्हणजे मिनीकॅप. पूर्ण बदलाला ३० ते ४० मिनिटं. निघालेली बॅग दरवेळी छापील कागदावर ठेवायची. अक्षरं वाचता आली तर ठीक, धूसर दिसली तर लगेच फोन.

जागेचा प्रश्न वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. महिन्याला ९० बॅगा म्हणजे १८० लिटर. त्या ठेवायला पहिल्यांदा पत्र्याची खोली निवडली होती, उन्हाळ्यात तिथं हात लावता येत नाही. बॅगा जुन्या धाब्याच्या घरातल्या आतल्या खोलीत हलवल्या. बदल करताना पंखा आणि कूलर बंद. कूलर फक्त हवा देत नाही, ओल आणि धूळ थेट जोडणीवर उडवतो. मे महिन्यात बंद खोलीत चाळीस मिनिटं म्हणजे घाम टपकणारच, म्हणून कपाळाला पट्टी बांधायचा नियम नर्सताईंनी लावला. नळीच्या तोंडाशी रोज म्युपिरोसिन मलम.

आहारही उलटा करावा लागला, आणि हे घरच्यांना पटायला वेळ गेला. तीन महिन्यांत नानांचं पोटॅशियम २.९ वर आलं, बद्धकोष्ठता सुरू झाली. पोटाच्या डायलिसिसमध्ये पोटॅशियम दिवसरात्र निघून जात असतं आणि हे घर अजून मशीनच्या काळातलं पथ्य कडक पाळत होतं. कमी पोटॅशियमनं आतडी मंदावतात, मंद आतड्यांतून जंतू पोटाच्या पोकळीत उतरायचा धोका वाढतो आणि नळीही नीट निचरत नाही. नानांना रोज एक केळं लिहून दिलं. प्रथिनं बॅगेतून वाहून जातात म्हणून अंडी आणि डाळ वाढवली. बॅगेतली साखर अंगात शिरते, म्हणून इन्सुलिनही वाढलं.

चौथी भरती

नऊ महिने काही झालं नाही. मग पुढची आखाजी आली आणि या वेळी सून पाच दिवसांसाठी माहेरी अमळनेरकडे गेली. तिनं जावं यात गैर काहीच नव्हतं. प्रश्न असा की बॅग बदलणारं दुसरं माणूस तयार नव्हतं. सासूबाईंनी नऊ महिने बघितलं होतं, केलं कधीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिनीकॅप हातातून फरशीवर पडली. नळीचा चाप बंद होता, म्हणजे अजून काही बिघडलेलं नव्हतं. इथंच थांबून पोटात काही न सोडता फोन केला असता, तर नळीचं बाहेरचं टोक, म्हणजे ट्रान्सफर सेट, केंद्रात बदलून विषय मिटला असता. पण पडलेली टोपी पदरानं पुसून परत बसवली गेली आणि संध्याकाळी त्याच टोकातून दोन लिटर पोटात गेलं. टोपी पडली तर काय करायचं हे घरात उरलेल्या तिघांनाही कुणी दाखवलं नव्हतं. शिकवताना बरोबर कसं करायचं ते दहा दिवस दाखवलं गेलं, चुकलं तर काय करायचं याला शेवटच्या दिवशी दहा मिनिटं मिळाली आणि तीही फक्त सुनेला.

दोन दिवसांनी सकाळची बॅग तांदळाच्या धुवणासारखी गढूळ निघाली. पोट दुखत होतं. मुलानं बॅग मोरीत ओतली आणि नानांना गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची सुई आणि ॲसिडिटीची गोळी दिली. केंद्राला फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाला. जळगावला पोचेपर्यंत ३६ तास गेले होते.

बॅगेतल्या पाण्यात पांढऱ्या पेशी २,४०० आल्या, त्यातल्या ८५ टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढायला धावून येणाऱ्या पेशी. निदानाला १०० च्या वर पेशी आणि त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल पुरतात, पाणी निदान दोन तास पोटात राहिलेलं हवं. कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही, कारण अँटिबायोटिक आधीच गेलं होतं. त्यामुळे नेमका जंतू कळला नाही आणि जंतूंच्या दोन्ही मोठ्या गटांना झाकणारी औषधं पूर्ण मुदत चालवावी लागली: सेफाझोलिन आणि सेफ्टाझिडिम, रोज एकदा, किमान सहा तास पोटात राहणाऱ्या बॅगेतूनच. बुरशी टाळायला फ्लुकोनाझोल. पोट सुजलेलं असताना साखर झपाट्यानं शोषली जाते आणि पाणी निघायचं थांबतं, म्हणून चार दिवस वजनावर बारीक लक्ष ठेवलं.

तिसऱ्या दिवशी पेशी ३२० झाल्या. योग्य औषध देऊन पाच दिवसांत पाणी निवळलं नाही तर नळी काढायची, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही. पाचव्या दिवशी पेशी १०० च्या खाली होत्या. त्याच दिवशी, भरतीला चार दिवस पूर्ण झाल्यावर, घरी सोडलं, औषध एकूण १४ दिवस चाललं.

परिणाम

मशीनवर सात महिन्यांत तीन भरत्या, १६ दिवस. पोटाच्या डायलिसिसवर १४ महिन्यांत एक भरती, ४ दिवस. आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस सोसायटीनं २०२२ मध्ये केंद्रांसाठी घातलेली मर्यादा दर रुग्णामागे वर्षाला ०.४ संसर्गाची आहे. एका माणसावरून तिच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. पोटाचं जिंकलं आणि मशीन हरलं असंही यातून काढू नये. मशीनचा काळ नळीवर गेला, दोन पाळ्यांवर गेला, तोही तातडीनं सुरू झालेला. चालू फिस्टुला आणि तीन पाळ्या असत्या तर पहिली आणि दुसरी भरती बहुधा झाली नसती.

निर्णयाच्या जागा

सगळ्यात महाग पडला तो डिसेंबरच्या आधीचा उशीर. फिस्टुला वापरायोग्य व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. पोटाची नळी दोन आठवड्यांत तयार होते. तातडीनं मानेत नळी पडली त्याच दिवशी तिची मुदत केसपेपरवर लिहायला हवी होती, आणि 'डाव्या हाताला सुई नको' हे पलंगावर लावायला हवं होतं.

आखाजीची पाळी ढकलायचीच होती तर ती पुढे न ढकलता आधी, रविवारी, घेता आली असती. खंड वाढतो तो पुढे ढकलल्यानं. केंद्राला सणाच्या आठवड्यात रिकाम्या खुर्च्या असतात, हेच त्यावरचं साधनही होतं.

पोटाच्या डायलिसिसमध्ये चूक निवडीत नव्हती, एकाच माणसावर सगळं टाकण्यात होती. आता मुलगाही शिकला आहे आणि महिन्यातून चार बदल तोच करतो, हात बसलेला राहावा म्हणून. पाच दिवसांसाठी मशीनवर जायचा तोडगाही सुचवला गेला होता, पण पर्मकॅथ काढल्यावर त्यासाठी पुन्हा मानेत नळी घालावी लागली असती, त्यामुळे तो योग्यच नाकारला.

गावातल्या डॉक्टरांना दोष देता येत नाही. पोटात नळी असलेला रुग्ण त्यांनी आधी पाहिलाच नव्हता. आता त्यांच्या टेबलावर केंद्रानं दिलेलं एक पान आहे: बॅग गढूळ म्हणजे आधी फोन, बॅग फेकायची नाही, जळगावला न्यायला उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवायची, आणि रुग्ण अगदीच खालावलेला नसेल तर नमुना घेतल्याशिवाय अँटिबायोटिक नाही. घरच्या फ्रिजवर दुसरं पान आहे, त्यावर टोपी पडली, बॅग फुटली, जोडणी सुटली या तीन चित्रांखाली एकच ओळ आहे: चाप बंद, पोटात काही सोडू नका, फोन करा.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. नानांची लघवी ७०० वरून ३०० मिलीवर आली आहे आणि तीनच्या चार बॅगा झाल्या आहेत. पंपिंग क्षमता ४५ टक्क्यांवर आल्यानं उजव्या दंडावर राखीव फिस्टुला करावा, असं नेफ्रॉलॉजिस्टचं मत आहे, म्हणजे पुढे मशीनवर जायची वेळ आली तर पुन्हा मानेतल्या नळीनं सुरुवात होणार नाही. नानांना बॅगा चांगल्या चालू असताना ऑपरेशन नको आहे. लघवी २०० च्या खाली गेली किंवा दुसऱ्यांदा पोटात संसर्ग झाला तर पुन्हा बसायचं, एवढं ठरलं आहे. तोवर उजव्या हातातून रक्त काढायचं नाही, नमुने डाव्या पंजाच्या मागून घ्यायचे.